'रद्दीपासूनच बनवता ना?' : कंपन्यांच्या खरेदी विभागांना खुले पत्र

प्रति,
खरेदी, एचआर आणि सीएसआर विभागांचे प्रमुख,
दिवाळीला 'पर्यावरणपूरक' भेटवस्तू देणाऱ्या लहानमोठ्या सर्व कंपन्या.

स. न. वि. वि.

इचलकरंजीजवळ माझा हातकागदाचा छोटा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक बीटर, दोन हौद, एक प्रेस, एक जुनं कटिंग मशीन आणि माझ्यासकट आठ बायका. सुती चिंध्या आणि कचेऱ्यांमधली पांढरी रद्दी यांचा लगदा करून आम्ही कागद उचलतो आणि त्याच्या वह्या, डायऱ्या, फोल्डर, पाकिटं, लग्नपत्रिका करून विकतो. दुकानदारांशी, शाळांशी, लग्नघरांशी आमचं बरं चालतं. घोडं अडतं ते तुमच्यापाशी, आणि वर्षातली मोठी ऑर्डर तर तुमचीच असते.

तुमच्यापैकी अनेकांशी मी फोनवर बोलले आहे. बोलायला सगळे गोड. पण कुठलीही अडचण सांगितली की उत्तर एकच येतं : "मॅडम, मला पटतंय, पण आमची सिस्टीमच तशी आहे." या सिस्टीमचा फोन नंबर आजवर कुणी दिला नाही, म्हणून हे पत्र छापायला देते आहे.

सुरुवात भावापासून करते, कारण तुमचा पहिला प्रश्न तोच असतो. "रद्दीपासूनच बनवता ना, मग एवढी महाग कशी?"

चिंधी फुकट मिळत नाही. होजिअरीची पांढरी कतरण वजनावर, रोख पैसे मोजून घ्यावी लागते, आणि यंत्रं पुसायला चिंध्या विकणारे व्यापारी आमच्याआधी गाठोड्यावर हात ठेवून उभे असतात. पण ते जाऊ द्या, तो खर्च लहान आहे. खरं काम गाठोडं सोडल्यावर सुरू होतं. बायका जमिनीवर बसून एकेक तुकडा हातातून काढतात. बटण, हूक, इलॅस्टिक, रबरी छपाई असेल तेवढा भाग कातरून बाजूला. एखाद्या कापडाची शंका आली तर त्याचा धागा ओढून काडीने पेटवायचा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटाने चुरली की उडून जाते. पॉलिस्टर वितळतो आणि टोकाला काळी, टणक गोळी धरतो. गोळी दिसली की तो तुकडा बाद. कारण पॉलिस्टरचा लगदा होत नाही. बीटरमध्ये तो तासन्‌तास तसाच फिरत राहतो आणि शेवटी तावावर केसासारखा उमटतो. तुमच्या एमडींच्या शुभेच्छापत्रात, नेमका सहीखाली असा केस निघाला, तर मला फोन कुठल्या सुरात येईल याची कल्पना आहे, म्हणून आमच्याकडे काड्यापेट्या बऱ्याच लागतात.

मग बीटर, मग हौद. हौदात चौकट बुडवून, हलवून, सपाट वर काढायची, पाणी निथळू द्यायचं, ओला ताव कापडावर उलटा करायचा. थप्पी झाली की प्रेसखाली. मग दोरीवर. वाळल्यावर शाई फुटू नये म्हणून खळ, पुन्हा वाळवण, मग घोटाई, मग कटिंग. वहीसाठी जुज बांधायचे, दोऱ्याने शिवायचे, पुठ्ठा चढवायचा, कसर लागू नये म्हणून मोरचूद घातलेल्या खळीने पुस्त्या चिकटवायच्या. या सगळ्यात यंत्राचा वाटा थोडा आहे. वहीच्या किमतीत सगळ्यात मोठा आकडा मजुरीचा असतो. तुम्ही सवयीने "दहा टक्के कमी करा" म्हणता, तेव्हा चिंधीवाला आपला भाव कमी करत नाही आणि वीज मंडळही करत नाही. कमी करायला एकच जागा उरते, आणि ती जागा हौदाशी उभी असते. छपाईवाल्याची डायरी स्वस्त पडते, हे खरंच आहे. परवडत नसेल तर ती घ्या, मला राग नाही. पण हातकागद मागायचा आणि भाव छपाईवाल्याचा द्यायचा, हे जमणार नाही.

दुसरं गाऱ्हाणं वेळेचं. गणपती उठले की तुमची मीटिंग होते, नवरात्रात भेटवस्तू ठरते आणि दसऱ्याच्या सुमारास मेल येतो : हजार डायऱ्या, धनत्रयोदशीच्या आत पोच. जरा हिशोब करू. २२ बाय ३० इंची एका तावातून साडेपाच बाय साडेसातची १६ पानं निघतात. ८० पानांच्या एका डायरीला पाच ताव, हजार डायऱ्यांना पाच हजार, फाटके आणि डागी वेगळे. हौदावरची एक बाई दिवसाला काही शे ताव उचलते, तेही दिवसभर पाण्यात हात घालून, उभ्याने. आणि उचललेला ताव वाळायला हवा. हातकागदाचं गणित कुरडया-पापडांसारखं आहे, उन्हाळ्यात करून ठेवायचं आणि वर्षभर वापरायचं. मे महिन्यात दोरीवर टाकलेला ताव संध्याकाळी कडकडीत असतो. पंचगंगेला पाणी चढलं की तोच ताव चार-चार दिवस दमट राहतो, कडांना वळतो आणि नजर चुकली तर बुरशीचे ठिपके धरतो. विजेचा ड्रायर लावून वाळवता येईल. मग डायरीच्या मागे 'पर्यावरणपूरक' असं तुम्ही छापा, माझा हात धजणार नाही.

म्हणजे दिवाळीच्या डायरीचा कागद मे महिन्यात तयार असावा लागतो. तो मी कुणाच्या भरवशावर करून ठेवू? पाच हजार ताव आगाऊ करून ठेवायचे म्हणजे त्यांची मजुरी आणि कतरणीचे पैसे दिवाळीपर्यंत अडकवायचे. बँक विचारते, ऑर्डर कुठे आहे? ऑर्डर तुमच्या पुढच्या मीटिंगमध्ये असते. तेव्हा विनंती अशी की दिवाळीची खरेदी मार्च-एप्रिलमध्ये ठरवा. लोगो, मजकूर, नेमकी संख्या ऑगस्टमध्ये सांगितली तरी चालेल. कागदाचे पैसे मात्र उन्हाळ्यातच द्या. तुमचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, बजेट हातात ताजं असतं, म्हणजे याला सिस्टीमचीही आडकाठी नसावी.

आता सॅम्पलबद्दल. तुम्ही सॅम्पल मागता, आम्ही पाठवतो, फुकट आणि कुरियर आमचं. कधी एकाच कंपनीच्या तीन विभागांना तीन. मग शांतता. एकदा तर जानेवारीत एका ओळखीच्या घरी टेबलावर आमचीच डायरी दिसली. तोच आकार, तीच बाजूची शिवण, तीच खणाची पट्टी. आत मात्र गिरणीचा तपकिरी कागद आणि मागे हिरवं पान, खाली 'रिसायकल्ड'. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांना कळेल.

या तपकिरी रंगाने फार घोळ घातला आहे. तपकिरी म्हणजे पुनर्वापराचा, असा समज कुठून आला कोण जाणे. तपकिरी रंग एवढंच सांगतो की लगदा शुभ्र केलेला नाही. तो लगदा रद्दीचा असू शकतो आणि नुकत्याच तोडलेल्या झाडाचाही. उलट आमचा निव्वळ चिंधीचा पांढरा कागद बनियनच्या कतरणीचा असतो, त्यात झाड नावालाही नाही. तुमच्या चेकलिस्टमध्ये 'रंग : नैसर्गिक तपकिरी' असा रकाना आहे. त्याऐवजी 'लगदा कशाचा' असा एक प्रश्न घाला आणि उत्तराला पुरावा मागा. आमच्याकडे या, गाठोडी दाखवते.

माल पोचला की तुमच्या क्वालिटीवाल्यांचा मेल येतो, 'शेड व्हेरिएशन'. आलेल्या कतरणीप्रमाणे कागदाची छटा थोडी बदलते, त्याला इलाज नाही, आणि सॅम्पलसोबत हे लिहूनही दिलेलं असतं. दुसरा शेरा 'कडा फाटलेल्या'. चौकटीच्या काठाला लगदा पातळ होत जातो आणि तिथे झालर येते. जाणकार तीच झालर बघून हातकागद ओळखतात. ती नको असेल तर आधी सांगा, सरळ कापून देऊ, कातरलेली पट्टी पुन्हा हौदात जाईल. मात्र शाई फुटली, शिवण उसवली, पान निसटलं, तर आमचा कान धरा. ती तपासणी कडक करा. गंमत म्हणजे ती कुणीच करत नाही. आजवर एकाही खरेदी अधिकाऱ्याने आमच्या वहीवर शाईच्या पेनने दोन ओळी लिहून पाहिल्याचं मला माहीत नाही.

कागद टिकेल का, असंही विचारतात. जुन्नरच्या कागदी लोकांनी आणि वेरूळजवळच्या कागजीपुऱ्यातल्या कारागिरांनी हातांनी उचललेल्या कागदांवर पेशवाईचा कारभार लिहिला गेला, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद अभ्यासक आजही उलगडून वाचतात. संविधानाच्या हिंदी हस्तलिखित प्रतीला पुण्याच्या हातकागद केंद्राचा कागद वापरला होता. लाकडाच्या लगद्यातलं जे द्रव्य कागदाला काही वर्षांत पिवळा आणि ठिसूळ करतं, ते कापसात नसतं. तेव्हा तुमच्या तिमाही आढाव्याच्या नोंदी टिकतील, काळजी नसावी.

मग सजावट. हातकागदाच्या डायरीवर चकचकीत लॅमिनेशन, सोनेरी फॉइलचा लोगो, आत प्लॅस्टिकचा बुकमार्क, वरून प्रत्येक डायरीला स्वतंत्र पारदर्शक पिशवी आणि सगळं मिळून थर्माकोलच्या खोक्यात. लॅमिनेशन चढलं की कागद आमच्या हौदाच्या कामाचा राहत नाही, प्लॅस्टिकची साल सुटत नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ज्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली, त्यांत निमंत्रणपत्रिकांवर आणि मिठाईच्या खोक्यांवर गुंडाळायची फिल्मही आहे, हेही सहज सांगून ठेवते. लोगो आम्ही साच्याने दाबून उठवून देतो, चांगला दिसतो. बांधायला सुती दोरी आहे.

बियांच्या कागदाची मागणी अलीकडे वाढली आहे. तुळस, झेंडू घालून आम्ही तो करतो. पण त्याला घोटाई करता येत नाही, बी चिरडतं. म्हणून तो खडबडीत राहतो आणि बारीक छपाई त्यावर बसत नाही. तुम्हाला तो गुळगुळीत हवा, चाररंगी छपाईचा हवा, आणि वर्षभर कपाटात राहून नंतरही उगवायला हवा. यातलं एक निवडा.

आणि डायरीत तारखा छापू नका. ही विनंती मी कळवळून करते आहे. फेब्रुवारी उजाडला की तुमच्या स्टोअरमधल्या उरलेल्या डायऱ्या रद्दी होतात. एका वर्षी अशीच एक थप्पी आमच्याकडेच परत आली, लगदा करायला, आमचीच. बिनतारखेची वही माणूस केव्हाही सुरू करू शकतो. आपल्याकडे शाळेच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून, पाठकोरे कागद शिवून पोरांनी वर्षं काढली आहेत. त्यांना वरच्या कोपऱ्यात तारीख लागली नाही.

इथवरचं सगळं एक वेळ सहन होतं. आता पैशाचं.

पर्चेस ऑर्डरच्या तळाशी तुम्ही बारीक अक्षरात छापता, 'पेमेंट ९० दिवस'. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ सालचा आहे. त्याच्या १५व्या कलमाप्रमाणे लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघू पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांपलीकडे ठेवता येत नाहीत. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. ९० छापल्याने ते ९० होत नाहीत. उशीर झाला तर १६व्या कलमाप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने, आणि २३व्या कलमाप्रमाणे हे व्याज तुम्हाला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. हे मी कुणाला शिकवत नाही, तुमच्याकडे वकील आहेत, माझ्याकडे बीटर आहे.

मुदत कधीपासून मोजायची, यावरही युक्ती आहे. माल गोदामात उतरतो, चलनावर शिक्का बसतो, पण जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची तुमची नोंद, निघत नाही. विचारलं की "क्वालिटी क्लिअरन्स बाकी आहे." कायदा म्हणतो, पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकारल्याचा दिवस. डायऱ्या तर दिवाळीत वाटूनही झालेल्या असतात. लोक त्यात लिहायला लागलेले असतात आणि तुमच्या संगणकात त्या अजून आलेल्याच नसतात.

इकडे जीएसटी कुणासाठी थांबत नाही. डायरीवर १८ टक्के कर आहे. ऑक्टोबरमध्ये बिल फाडलं की नोव्हेंबरच्या २० तारखेपर्यंत तो सरकारजमा करावा लागतो, तुमचा एक रुपया आलेला नसला तरी. म्हणजे तुमच्या खरेदीवरचा कर आम्ही आमच्या खिशातून आधी भरतो. मजुरी दर शनिवारी द्यायची असते. मावशींना मी "जीआरएन निघायचाय" असं सांगू शकत नाही.

२०२३च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम घातलं आणि ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. सूक्ष्म-लघू उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी खर्चात धरता येतील, असा त्याचा मथितार्थ. आम्हाला वाटलं, आता तरी गाडी रुळावर येईल. तर एका मोठ्या ग्राहकाकडून फोन आला : "मॅडम, तुमची उद्यम नोंदणी रद्द करता येईल का? आमच्या ऑडिटला सोपं जाईल." मुदत पाळण्यापेक्षा मुदत लागू होणारा माणूसच यादीतून काढणं सोपं, हे डोकं ज्याचं असेल त्याला दंडवत.

थकलेल्या पैशांसाठी सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार का करत नाही, असं माझा भाचा विचारतो. तो नोकरीत आहे. पोर्टल २०१७ पासून आहे आणि चांगलं आहे. पण तक्रार केली तर पैसे कदाचित मिळतील आणि पुढच्या वर्षीची ऑर्डर हमखास जाईल. तुमच्याइतकंच हे तुमच्या अकाउंट्स विभागालाही ठाऊक आहे.

शेवटचं, फोटोंचं. सीएसआरवाले कारखान्यात येतात, त्यांचं स्वागतच आहे, चहा होतो. मग बायकांना एका रंगाच्या साड्या नेसायला सांगतात, दोरीवरचे ताव पुन्हा हौदापाशी आणून हातात धरायला लावतात आणि 'महिला सक्षमीकरण' असा मथळा घालून अहवालात छापतात. मागच्या खेपेला गाडी गेल्यावर आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या मावशी म्हणाल्या, "फोटुची घाई केली तशीच पैशाची बी करा म्हनावं त्यास्नी." हा निरोप जसाच्या तसा पोचवते आहे. तसंच, कर्मचाऱ्यांना द्यायच्या भेटी सीएसआरच्या खर्चात बसवायचा प्रयत्न करू नका. नियमांत ते बसत नाही आणि आम्हाला दानही नको. आम्ही माल देतो, तुम्ही किंमत द्या.

तुमच्यापैकी काही कंपन्या शेअरबाजारातल्या पहिल्या हजारांत आहेत. व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांबद्दलचा सेबीचा बीआरएसआर अहवाल तुम्हाला दरवर्षी भरावा लागतो. त्यात किती टक्के माल सूक्ष्म-लघू उत्पादकांकडून घेतला, असा एक रकाना आहे, आणि देणी चुकवायला किती दिवस लागतात, असा दुसरा. हे दोन्ही रकाने भरणारे दोन अधिकारी बहुधा वेगवेगळ्या मजल्यांवर बसत असावेत. त्यांची एकदा गाठ घालून द्या.

माझ्या या पत्रामुळे एखाद-दुसरी ऑर्डर जाईल, हे गृहीत धरलं आहे. ज्यांना खालच्या अटी मान्य असतील, त्यांनी जरूर फोन करावा. आमची वही चांगली असते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
एक हातकागद उत्पादक,
इचलकरंजी परिसर

ता. क. : पुढच्या दिवाळीसाठीचा कागद ३१ मेपर्यंत उचलला जाईल. त्यानंतर येणाऱ्या ऑर्डरला शिल्लक कागदातून होतील तेवढ्याच वह्या मिळतील. ऑर्डरसोबत निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली पोच झाल्यापासून ३० दिवसांत. सॅम्पलचे पैसे पडतील, ऑर्डर आली तर बिलातून वजा होतील.